सोडू का? जाऊ दे!

"थांबव गं, थांबव! पोर उसात गेली!"

कानातल्या वायरीत माझी थोरली जाऊ वरडत व्हती. माझे दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर. समोर दोन एकर ऊस, माणूस उभा केला तर दिसायचा नाय येवढा, आन त्याच्यावर मपला ड्रोन तिसरी फेरी मारीत चाललेला. सहा पंख्यांचं वारं, खाली औषधाचं धुकं, आन त्या धुक्यात कुठंतरी माझी तीन वर्षांची पोर.

मी थांबायचं बटन दाबलं. फवारा बंद झाला. ड्रोन हाये तिथं हवेत लटकला, भुंग्यासारखा. आन पुढं काय करायचं ते मला सुचंना. 

घडलं कसं ते सांगते, म्हंजी तुमाला कळंल.

आमी पिंपळवंडीचे. आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तवा तो चालवायला दहावी झालेली बाई पायजे व्हती. तशी मी एकटीच निघाले. दहावी तरी कसली, इंग्रजीत दोनदा बसले तवा सुटले. आमची थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते, ती माझ्यापरीस दहापट हुशार. पण नववीतच तिचं लगीन लावलं, म्हणून ट्रेनिंगला मी गेले आन ती घरी भाकरी थापीत राह्यली. गावात मला पायलट म्हणायला लागले. दळणाचा डबा डोक्यावर असला तरी पोरं म्हणायची, "पायलट, आज इमान कुठं उतरवणार?"

ट्रेनिंगला एक रिटायर साहेब व्हते. त्यांनी विमानतळावर टॉवरमधी बसून विमानं सोडायची नोकरी केलेली. ते म्हणायचे, "ताई, यंत्र बिघडून घोळ होतो तसा ऐकण्यातनं पण होतो. आणि उडायच्या वेळेला फार. टॉवरवाला एक सांगतो, पायलटला दुसरंच ऐकू येतं."

आमी म्हणलं, "सायेब, येवढी शिकलेली माणसं, कशी काय चुकत्यात?"

साहेब म्हणले, "पायलटनं मनात आधीच धरलेलं असतं, की आता आपल्याला सोडणार. घाई असते. मागं माणसं खोळंबलेली असतात. मग कानावर निम्मं पडलं, तर उरलेलं निम्मं तो स्वतःच्या मनानं भरतो. टॉवर म्हणतो, थांबा, मग निघा. याला ऐकू येतं, निघा."

म्हणून तिथं नियम हाये म्हणं. टेकऑफ हा शब्द खरंच उडायला सांगायचं असंल तवाच तोंडातून काढायचा, एरवी दुसरा शब्द. आन पायलटनं जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं, टॉवरवाल्यानं 'बरोबर' म्हणलं की मंगच उडायचं. साहेबांनी आमच्याकडून घोकून घेतलं. "टेकऑफ करू?" "टेकऑफ कर." "टेकऑफ करते." "बरोबर." आमी बाया तोंडाला पदर लावून हसायचो. साहेब म्हणायचे, "हसा, पण पाठ करा."

मी पाठ केलं. घरी येऊन अक्काला शिकवलं, कारण पलीकडच्या बांधावर तीच उभी राहणार व्हती. आमच्या कामात एकीनं रिमोट धरायचा आन दुसरीनं लांबच्या बांधावर उभं राहायचं. तिकडं माणूस नाय, जनावर नाय, तार नाय, हे बघून फोनवर सांगायचं की सोड. म्हंजी आमचा टॉवर अक्काच.

दोन दिवस टेकऑफ चाललं. मंग शेजारच्या वावरातल्या खुरपणाऱ्या बाया म्हणल्या, "काय गं, इंग्लंडच्या राण्या झाल्या का दोघी?" अक्काला लाज वाटली. तेव्हापासून आमचंच चालू झालं. मी इचारायची, "सोडू का?" ती म्हणायची, "सोड." कवा म्हणायची, "हां." आन कवा म्हणायची, "जाऊ दे." म्हंजी जाऊ दे त्याला वर. किती वावरं फवारली असतील आमी या 'जाऊ दे'वर. कुणालाच त्यात काय खोट दिसली नाय.

लांबून खूण करायला झेंडेबी दिले व्हते, एक लाल, एक हिरवा. लाल आमच्या ह्यांनी टेम्पोतून पाईप नेताना पाठीमागं बांधला, तो आळेफाट्याच्या अलीकडं कुठंतरी उडून गेला. हिरवा माझ्या पोरीनं बाहुलीला लुगडं म्हणून नेसवला.

त्या दिशी सकाळचे सात वाजले असतील. ऊस तात्यांचा. तात्या म्हंजी सासऱ्यांच्या वयाचं माणूस, गावातलेच. माझ्या शेजारी उभं राहून सारखे आभाळाकडं बघत व्हते. "पायलटबाई, वारं सुटायच्या आत उरका. नायतर औषध जाईल शेजारच्याच्या कांद्यावर, आन शिव्या मपल्याला."

"झालंच तात्या."

"झालंच झालंच करता, आन पंखा तर फिरंना."

आमचे हे टेम्पोजवळ दुसऱ्या टाकीचं औषध कालवत व्हते. दुसरी बॅटरी चार्जिंगला लावलेली, त्याच्यासाठी जनरेटर चालू. त्या जनरेटरची घरघर अशी की शेजारच्यानं कानात तोंड घालावं तवा त्याचं बोलणं ऐकू यावं.

पोर बरूबर आणायची नव्हती. पण सासूबाई कळंबला बहिणीकडं गेलेल्या, आन अंगणवाडी दहाला भरती. माझ्याजवळ तिला ठेवत नाय, पाती लागली तर हात तोडतीन. म्हणून ती अक्काच्या कडंवर, पलीकडच्या बांधावर. अक्कापाशी ती माझ्यापरीस शहाण्यावानी राहती.

मी रिमोटवर सगळं बघितलं. बॅटरी भरल्याली, टाकी भरल्याली, वावराचा नकाशा बरूबर. फोनात म्हणलं, "अक्का, सोडू का?"

अक्का म्हणली, "अगं जाऊ दे, जाऊ दे!"

मी सोडला.

ती म्हणत व्हती, जाऊ दे, राहू दे आत्ता. मी ऐकलं, जाऊ दे, वर जाऊ दे. शब्द एकच. आपण कुणाचं भांडण मिटवताना 'जाऊ दे' म्हणतो, तसं म्हणली ती. पोरीच्या तळव्यात सराटा घुसला व्हता. तो काढायला अक्कानं तिला खाली उभी केली, काटा निघाला आन पोर सुटली. कुठला तरी होला भुर्रकन उसात गेला, त्याच्या मागं तीबी गेली. पानं हालली, येवढंच अक्काला दिसलं. तेवढ्यात माझा फोनातून आवाज, सोडू का. ती बोलली ते बोलली, फोन पोलक्यात खोचला आन पोरीच्या मागं दोन सऱ्या आत पळाली. वर आवाज आला तवा तिला कळलं, मी सोडलाय. फोन काढून वरडंपर्यंत दोन फेऱ्या झाल्या व्हत्या.

आता हितून पुढचं.

ड्रोन लटकलेला. तात्या म्हणले, "काय झालं? बंद पडला का?"

मी म्हणलं, "पोर आत हाये."

 हे कालवायचं सोडून पळाले, पण कुठल्या सरीत शिरावं ते त्यांना कळंना, बांधाच्या कडंनं हाका मारीत राह्यले. मला पळायचं व्हतं. आईला दुसरं काय सुचतं? पाय पळायला लागलेबी, दोन पावलं टाकली, आन हातात रिमोट. हा खाली ठेवला आन वरचं धूड घसरलं तर? वारं उठत व्हतं. पंधरा-वीस किलोचं लोखंड आन पाती, खाली पोर. ट्रेनिंगला सांगितलेलं, तो आपला आपण लटकून राहतो, हात काढला तरी चालतं. पण ते मैदानावर. तिथं खाली माझी पोर नव्हती.

आमच्याकडं उसात पोर गेली म्हणलं की आधी बिबट्या आठवतो. त्या दिशी मला बिबट्या आठवलाच नाय. जे काय करणार व्हतं ते माझ्या अंगठ्याखालीच व्हतं.

तात्या म्हणले, "अवो बाई, माघारी आणा की त्याला!"

माघारी आणायचा तर तो सरळ येणार, उसावरनं, आन तोट्यांतून थेंब गळत येणार. तिथंच ठेवावा तर बॅटरी उतरत व्हती, आकडा खाली खाली. लईच उतरली की तो माझं ऐकत नाय, आपल्या मनानं घराकडं निघतो, तोबी सरळच. उतरवावा तर खाली ऊस, आन उसात कुठं काय हाये ते देवालाच ठाऊक. साहेबांनी सगळं शिकवलं, हे शिकवलं नव्हतं.

मी तो वर नेला. सरळ वर, नेता येईल तेवढा, पंख्यांचं वारं खाली पोचू नये म्हणून. लहान लहान होत गेला. मंग उसाच्या बाहेरून, डाव्या हाताला तात्यांचं पडीक वावर हाये त्याच्यावरनं येढा घालून आणायला लागले. हळू. लई हळू. कानात अक्काचा आवाज नाय, नुसती धाप आन पानांची सळसळ. ती आत शिरली व्हती, औषध पडलेल्या उसात, डोक्यावरचा पदर सुटलेला तसाच. मी पोरीला हाका मारत व्हते, पण मान वर, नजर ड्रोनवर. पोर कुठं हाये ते बघायलाबी मला सवड नव्हती. येवढी लाज मला कशाचीच वाटली नाय.

ड्रोन पडकात उतरायला लागला, माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. खालची माती उडायला लागली. आन त्याच टायमाला पोर उसातून बाहेर आली. माझ्याच बाजूला. पडकाच्या तोंडाशी. केस चिकटलेले, फ्रॉक वला, आन टाळ्या वाजवीत हसत.

"आई! भुंग्यानं माझ्यावर शू केली!"

आन ती भुंग्याकडं पळाली.

मी वरडले, "लांब हो! लांब!" ती समजली खेळ. मी परत दांडी वर ओढली, तो वर जायला येळ लावतो, लगेच उचलत नाय, माती नुसती घुसळून निघाली. तात्या पळाले पण ते म्हातारं माणूस. आन उसातून अक्का आली. कशी आली मला सांगता यायचं नाय. तोंडावर, हातावर उसाच्या पात्यांचे वरखडे, पायात ठिबकची नळी गुतलेली ती तशीच वढत, आन पोरीच्या अंगावर पडलीच. पोरीला पोटाखाली घेऊन मातीत पालथी. ड्रोन त्यांच्या डोक्यावरनं वर गेला.

मंग मी तो लांब नेला, पार पडकाच्या टोकाला, आन उतरवला. पंखे थांबंपर्यंत रिमोट सोडला नाय. थांबले तवा सोडला आन मग पळाले.

टेम्पोवर चांगल्या पाण्याची टाकी व्हती. पोरीला उघडी करून साबण लावला, डोकं, कान, बेंबी, बोटांच्या बेचक्या, सगळं. ती गार पाण्यानं रडायला लागली तवा मला बरं वाटलं. रडतीये म्हंजी हाये. मंग टेम्पोतनं आळेफाट्याला दवाखान्यात.

डॉक्टर पोरीचे डोळे बघत पहिलं म्हणले, "औषध कोणतं? बाटली कुठंय?"

बाटली बांधावरच राह्यली व्हती. हे डोकं धरून खाली बसले. तेवढ्यात दारात तात्या. फटफटीवर आमच्या मागोमाग आलेले, पिशवीत बाटली, आन झाकणबी येगळं शोधून आणलेलं. "म्हणलं लागंल," येवढंच बोलले. तासाभरापूर्वी त्यांच्या घाईचा मला राग आला व्हता.

डॉक्टरांनी बाटलीवरचं वाचलं, डोळे परत धुतले, छातीला नळी लावली. म्हणले पाण्यात पातळ केलेलं व्हतं आन लगेच धुतलं हे बरं केलं, पण दुपारपर्यंत हितंच ठेवा, वकारी, लाळ, गुंगी, काय वाटलं तर हाक मारा. मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. जांभई दिली तरी मी डॉक्टरांना बोलवायची. चौथ्या जांभईला ते म्हणले, "अहो, झोप आलीय तिला."

दुपारी तिनं बिस्कीट मागितलं. मागितलं आन खाल्लंबी.

अक्का सगळा टाइम बाहेरच्या बाकड्यावर बसून. डोळे लालभडक, हातावर वरखडे. तिला कुणी इचारलं नाय, मीबी नाय. निघताना डॉक्टरांचंच लक्ष गेलं. "यांना कुणी दाखवलं का नाही? या आत, डोळे धुऊ."

घरी आलो. सासूबाई कळंबहून आलेल्या. सगळं ऐकलं आन अक्कालाच धरलं. "पोर उसात गेली आन तू म्हणतीस जाऊ दे?"

अक्का म्हणली, "मी राहू दे अशा अर्थानं म्हणलं."

"मंग राहू दे म्हणायचं! जीभ झडली व्हती का?"

आमचे हे म्हणले, "वहिनी, येवढं तर कळाय पायजे व्हतं." थोरले दीर, म्हंजी अक्काचा नवरा, ताटावरून उठून गेले. अक्कानं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

दोन दिवसांत गावभर झालं. गिरणीत बायांना नवा इनोद मिळाला. "काय झालं म्हणं? जाऊनं म्हणलं जाऊ दे!" आन सगळ्या हसायच्या. माझ्याकडं बघून म्हणायच्या, "पायलट, दळण जाऊ दे का राहू दे?" मीबी हसायची. अक्का गिरणीत यायचीच बंद झाली. फोनवर आता आमी कोणता शब्द बोलायचा इचारलं, तर हे म्हणले, बांधावर दुसरं माणूस बघू.

आता जे कुणाला सांगितलं नाय ते लिहिते.

अक्का फक्त 'जाऊ दे' म्हणली नव्हती. ती म्हणली, "अगं जाऊ दे, जाऊ दे, पोर..." आन पुढचं जनरेटरनं खाल्लं. 'पोर' मी ऐकलं व्हतं. स्वच्छ ऐकलं व्हतं. तिचा आवाज चढलेला, तेबी कळलं व्हतं. पण तात्या शेजारी वाऱ्याकडं बघत व्हते, अंगठे दांडीवर व्हते, आन माझ्या मनानं पुढचं भरलं, पोर माझ्यापाशी हाये. साहेबांनी सांगितलं व्हतं अगदी तसंच. मी पाठ केलं व्हतं ते. परत एकदा, "काय म्हणलीस अक्का?" येवढं इचारायला किती येळ लागतो? घास गिळायला लागतो तेवढाबी नाय.

चार दिवसांनी मी अक्काला सांगितलं. नळावर. ती पोरीचा तो फ्रॉक धुवत व्हती. तिसऱ्यांदा, कारण वास जाईना. मी म्हणलं, "अक्का, मी पोर हा शब्द ऐकला व्हता. तरी सोडला."

तिनं हात थांबवले नायत. साबण लावला, घासला, पिळला. मंग म्हणली, "जाऊ दे."

मी बादली घेऊन तशीच उभी. म्हणलं, "अक्का, म्हंजी कसं? म्हंजी सोडून दे म्हणतीस, का मला हितनं जा म्हणतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांचा लालपणा आजून पुरता गेला नव्हता. म्हणली, "आत्ता इचारतीस व्हय."

आन फ्रॉक झटकून तारंवर टाकला.

घरात आजून तिलाच बोलत्यात. सासूबाईंनी पोरीला तिच्याकडं द्यायचं बंद केलंय, पोर तिच्या दारात जाऊन उभी राहती आन मी तिला उचलून आणते, कारण नाय आणली तर का नाय आणली ते सांगावं लागंल. तात्यांचा बाकीचा ऊस फवारायचा राह्यलाय, काल त्यांचा फोन आला व्हता, वाऱ्याचं काय न बोलता म्हणले, पायलटबाई, तुमाला जमंल तवा या. पलीकडच्या बांधावर अक्काशिवाय मला दुसरं कुणी नको. पण तिला ये म्हणायचं तर आधी चार माणसांत तोंड उघडावं लागतं, आन तोंड उघडलं तर माझ्या हातात परत रिमोट कोण देईल, आन पोर तरी कोण देईल.

रातभर हेच डोक्यात फिरतं, म्हणून लिहून काढलं. तुमी शांत बसून वाचताय, तुमच्या कानात जनरेटर नाय. तरी खरं सांगा. अंगठे दांडीवर, म्हातारं माणूस घाई करतंय, वारं उठतंय, आन फोनात निम्मंच वाक्य आलं. तुमी परत इचारलं असतं का? आन नसतं इचारलं, तर सगळं घर तिच्यावर तोंड टाकत असताना तुमी काय केलं असतं?